वर्षाच्या आतला नाताळ

रणपिसे कंपाउंडरांनी आयुष्यात कुणाला नुसती वस्तू म्हणून दिली नाही. जे दिलं ते बाटलीत घालून, वर चिठ्ठी डकवून, आणि किती वेळा घ्यायचं ते बजावून दिलं.

लग्न होऊन आम्ही घारपुरे घाटाजवळच्या त्या बैठ्या चाळीत राहायला आलो, त्याच संध्याकाळी माझा स्टोव्ह भकभकून विझला. रॉकेल संपलं होतं. शेजारी कोण, काय, काही माहीत नाही. पण चहा तर हवा. मी बाजूचं दार वाजवलं. उंच, वाळलेले, पांढरी विजार आणि कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ बाहेर आले. माझी अडचण त्यांनी मान खाली घालून ऐकली, "कधीपासून?" असं विचारलं, आणि आत गेले. पाच मिनिटांनी बाटली आली. बाटलीच्या पोटाला कात्रीने दातेरी कापलेली कागदी पट्टी चिकटवलेली, म्हणजे एका दाताला एक डोस. वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'सौ. पगारे. रॉकेल. पोटात घेऊ नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे.'

"चार डोस आहेत. एक आत्ता, एक सकाळी. आणि बाटली परत आणा."

मी घरात येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, "शेजारी डोक्याने जरा इकडेतिकडे दिसतात." हे म्हणाले, "रॉकेल दिलं ना? मग डोकं शाबूत आहे."

रविवार कारंज्याच्या बाजूला एका डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे लाकडी जाळीच्या खिडकीमागे रणपिसे तीस वर्षं उभे होते. त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नाही. डॉक्टरांचं अक्षर स्वतः डॉक्टरांनाही लागत नसे, ते रणपिश्यांना लागे. पेशंटांचं तर ठाम मत होतं की गुण येतो तो रणपिश्यांच्या हाताचा, डॉक्टर उगीच मध्ये बसलेत. पुढे तयार गोळ्यांचा जमाना आला, मिक्श्चरं गेली, आणि रणपिसे घरी बसले. पण घरी बसून करायचं काय? मग त्यांनी आमची सहा बिऱ्हाडांची चाळच दवाखाना म्हणून चालवायला घेतली.

त्यांचा लाडका शब्द 'उतार'. ताप असो, महागाई असो, गंगेचा, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीचा, पूर असो की माझ्या सासूबाईंचा राग, "तीन दिवसांत उतार पडेल" हे ठरलेलं. पूर खरंच तीन दिवसांत उतरला. सासूबाईंना अकरा लागले. मी तक्रार घेऊन गेले तर म्हणाले, "मध्ये एखादा डोस चुकला असेल, बाई. उलट उत्तर वगैरे दिलंत का?" दिलं होतं, आता काय सांगणार!

आणि दुसरा नेम म्हणजे, रिकाम्या पोटी काही नाही. औषध नाही आणि वाईट बातमी तर नाहीच नाही. वणीला माझे वडील गेले, त्याची तार रणपिश्यांच्या हाती पडली. मी शाळेतून दमून आले तर हे दारात उभे. "बाई, आधी दोन घास खाऊन घ्या." मला वाटलं, कौतुकाने बोलावतायत. त्यांच्या बायकोने, रूथबाईंनी, गरम भाकरी वाढली, पाठीवरून हात फिरवत बसल्या. मी खुशाल दीड भाकरी खाल्ली. मग त्यांनी तार पुढे केली. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू! पण रात्रीच्या एस.टी.ने जाऊन, पुढचे दोन दिवस पाण्याचा घोटही न घेता मी जी उभी राहिले, ती त्या दीड भाकरीवर. हे मला पुढे कळलं.

ह्या नेमाचा परिणाम असा झाला की रणपिश्यांनी काही खायला दिलं की माणूस घाबरायचा. कोपऱ्यातल्या खोलीत सटाण्याकडचे अहिरराव म्हणून ट्रक ड्रायव्हर राहायचे. एकदा त्यांना रणपिश्यांनी सहज बशीभर शिरा नेऊन दिला. तो सहा फुटी माणूस बशी खाली ठेवून रडायलाच लागला. "काय शे ते पहिले सांगा, काका! कोण गेलं?" कुणी गेलं नव्हतं. शिरा जास्त झाला होता.

रणपिश्यांच्या पलीकडच्या भिंतीला दीक्षित गुरुजी. बुटके, गोरे आणि भयंकर तापट. गंगेवर यात्रेकरूंची कार्यं चालवायची, दुपारी जेवून झोपायचं, आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन रणपिश्यांशी भांडायचं, असा त्यांचा तीस वर्षांचा दिनक्रम. भांडणाला विषय लागत नसे. रणपिसे म्हणाले आज थंडी आहे, की गुरुजी उपरणं काढून बसायचे. एकमेकांना 'अहो रणपिसे', 'अहो दीक्षित', त्याच्या आत एक पाऊल नाही. आणि एकाने ओट्यावर यायला उशीर केला की दुसरा चाळीच्या दिंडी-दरवाजापर्यंत तीन फेऱ्या मारून यायचा.

गुरुजींचं सोवळं कडक. रणपिश्यांच्या घरचं पाणीसुद्धा चालायचं नाही. पण त्यांना गॅसेसचा त्रास, आणि रणपिश्यांच्या मिक्श्चरखेरीज त्याला उतार नाही. मग गुरुजींनी स्वतःच निकाल दिला, की औषधाला विटाळ नसतो. झालं! रणपिश्यांना फट मिळाली. त्या दिवसापासून रूथबाईंचं लिंबाचं सरबत बाटलीत भरून, 'दीक्षित. पित्तशामक. दिवसातून दोनदा' अशी चिठ्ठी लावून पलीकडे जाऊ लागलं. गुरुजी डोळे मिटून, कडू काढा घेतल्यासारखं तोंड करून ते प्यायचे आणि म्हणायचे, "बरं वाटतंय. आणखी एक डोस द्या."

पण रणपिश्यांचा खरा थाट बघायचा तो नाताळात. शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतली नातीगोती सोडून हे जोडपं आमच्या चाळीत येऊन राहिलेलं, तेव्हा चाळीत ख्रिस्ती घर एवढं एकच. त्यामुळे त्यांचा नाताळ हा आपोआपच चाळीचा नाताळ झाला होता. आम्ही बौद्ध, शेजारी गुरुजी, पलीकडे अहिरराव; पण पंचवीस तारखेला सकाळी दहानंतर सगळ्यांच्या चपला रणपिश्यांच्या दारात. बोलावणं नसायचं. "नाताळाला बोलावणं लागत नाही, दिवाळीला तुम्ही मला कार्ड पाठवता का?" असं ते म्हणायचे. रूथबाई करंज्या, शंकरपाळे, चकल्या करायच्या. त्या सायखेड्याच्या, हाताने सढळ. "घ्या वं बाई, लय हायेत," म्हणत ताट भरायच्या. आणि रणपिसे टेबलाशी सूट-टाय घालून उभे राहून प्रत्येकाला काचेच्या मापाने सरबत मोजून द्यायचे. दोन औंस. पाहुणा मंत्री असता तरी दोनच औंस.

केक मात्र स्वतः रणपिश्यांचा. जायफळ, वेलची औषधाच्या खलात कुटायचे, मैदा गाळून घ्यायचे, आणि डबे घेऊन भद्रकालीतल्या बेकरीत रांगेला उभे राहायचे. त्या दिवसांत सगळ्यांचे केक, नानकटाया बेकरीच्या भट्टीतच भाजून मिळत. बेकरीवाला भट्टीचं दार उघडायचा तेव्हा रणपिसे मनगटावरच्या घड्याळात बघून म्हणायचे, "दीड मिनिट बाकी आहे. बंद करा." तो बिचारा मुकाट बंद करायचा.

केक दोन. एक अंड्याचा, आणि एक दीक्षितांच्या घरासाठी बिनअंड्याचा; भट्टीतून निघालं ते बेकरीचं, असा गुरुजींचा दुसरा निकाल होता. दोन्ही दिसायला सारखे. अदलाबदल झाली तर तीस वर्षांची मैत्री गेली, ह्या भीतीने रणपिश्यांनी एका वर्षी अंड्याच्या डब्याला दवाखान्यातली जुनी लाल चिठ्ठी लावली. खाली कवटी, वर 'विष'. म्हणजे गुरुजींकडचं कुणी चुकूनही हात लावणार नाही. अक्कल म्हणतात ती ही!

नाताळाच्या सकाळी अहिरराव आले तर सात पोरं डब्याभोवती बसून केक चापतायत आणि डब्यावर कवटी. त्यांनी जी बोंब ठोकली, ती पंचवटीपर्यंत गेली असेल. "विष खाल्लं! पोरांनी विष खाल्लं!" रणपिसे आत टाय बांधत होते. 'विष' हा शब्द ऐकल्यावर तीस वर्षांची सवय जागी झाली. बाहेर आले, कसला केक, कुठली चिठ्ठी, काही विचार नाही. मिठाचं पाणी कालवलं, मापाने मोजलं, आणि एकेक पोर धरून दोन-दोन औंस पाजायला सुरुवात केली. पाच पोरं ओकून झाली तेव्हा रूथबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अवं, काय करता हे? तुमीच लावली ना ती चिठ्ठी?" रणपिसे हातातल्या मापाकडे बघत राहिले. मग राहिलेल्या दोन पोरांना म्हणाले, "तुम्ही जा." ओकलेल्या पाचांना त्या वर्षी केक दुप्पट मिळाला, आणि गुरुजी पुढे महिनाभर ओट्यावर नुसते आठवून हसत होते.

पुढे एका वर्षी श्रावणात रूथबाई गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि पाचव्या दिवशी सकाळी बाईच नाही. रणपिश्यांनी त्या चार दिवसांत एकदाही 'उतार पडेल' म्हटलं नाही. गुरुजी दफनाला शेवटपर्यंत उभे राहिले, परत येऊन गंगेवर आंघोळ केली, आणि चार दिवस ओट्यावर आले नाहीत.

मुलगा सामू पुण्याला कारखान्यात होता. गुणी पोरगा. त्याचं पत्र दर आठवड्याला येई, बाबा, आता एकटे राहू नका, इकडे या. दिवाळी झाल्यावर मी एकदा विचारलंच, "काका, काय ठरवलंत?" ते म्हणाले, "नाताळ होऊ दे, मग कळवतो असं लिहिलंय." मी त्याचा अर्थ लावला, की नाताळ झाला की हे निघाले. घरात येऊन मी ह्यांच्यावर उगाचच ओरडले. ते गेले तर त्या बाजूच्या भिंतीपलीकडे दुसरं कुणी येणार, ही कल्पनाच मला सोसेना. गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, "जाऊ देत. माझी संध्याकाळची कटकट गेली." आणि त्या रात्री जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नी, माई, सांगत होत्या.

आता ह्या सगळ्यात नाताळ आला. आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं ते ऐका.

पद्धत अशी की घरात माणूस गेलं की वर्षभर त्या घरात सणाची कढई चढत नाही. गोडधोड नाही, तळण नाही. पण घर कोरडं राहू नये म्हणून शेजारी फराळ करून नेऊन देतात, तोही गाजावाजा न करता. डिसेंबरच्या वीस-बावीस तारखेला रणपिसे पिशवी घेऊन बाजारात गेलेले बघून गुरुजींनी ओट्यावर सभा भरवली. "वर्ष व्हायचंय. त्यांच्या घरी सण नाही. कुणी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, पोरांनी केक मागायला जायचं नाही. दिवसा तिकडे फिरकायचंसुद्धा नाही, माणसाला रूथबाईंची आठवण होते. करंज्या-शंकरपाळे आपण सगळ्यांनी आपापल्या घरी करायचे आणि दिवेलागणीला शांतपणे नेऊन द्यायचे." गंगेवर रोज दहा घरांचे दिवस-तेरावे करणारा माणूस. त्याच्यापुढे सुतकातलं कोण बोलणार?

मला शंका आली होती. आमच्यात हे वर्षाचं काही मानत नाहीत, मग त्यांच्यात मानतात हे गुरुजींना कुणी सांगितलं? पण दुःखातल्या माणसाला, "काय हो, तुम्ही सण करणार का?" असं तोंड वर करून विचारायचं कसं? मी शाळेत चाळीस पोरांना 'शंका असेल तर विचारा' म्हणून ओरडणारी बाई, पण गप्प बसले. वर त्यांच्या दारावर चांदणीही दिसेना. दर वर्षी विसाव्या तारखेला बांबूच्या काड्यांची चांदणी लागायची. म्हटलं, खरंच सण नाही ह्यांच्याकडे.

पंचवीस तारखेच्या पहाटे मला खलाचा ठक्‌ठक् आवाज आला. "औषध कुटत असतील," असं म्हणून मी कूस बदलली. नाशिकची डिसेंबरातली थंडी, कोण उठून बघतंय! आठ वाजता ते सूट-टाय घालून चर्चमध्ये उपासनेला निघाले. चाळीतली पोरं आम्ही भराभर आत ओढली. अहिररावांनी रेडिओ बंद केला. रणपिसे ओट्यापाशी थांबले, हसले, ख्रिस्ती रिवाजाने "सलाम, दीक्षित," म्हणाले. गुरुजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "हं. सावकाश जा." मी दारातच होते. मीही चेहरा पाडून नुसती मान हलवली. ते क्षणभर उभे राहिले आणि गेले.

दहा वाजता ते परत आले, दार सताड उघडं ठेवलं. आम्ही म्हटलं, घरात कोंडल्यासारखं होत असेल बिचाऱ्यांना. अकराला आम्ही सगळ्या बायकांनी आपापली दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि कढया चढवल्या. वास जाऊ नये म्हणून! चार घरांत एकाच वेळी तळण चालू, धुराने आमचे डोळे चुरचुरतायत, आणि वास मात्र सगळा खुशाल चाळभर फिरतोय. साडेतीनच्या सुमाराला मी फटीतून पाहिलं, तर त्यांचं दार लागलेलं होतं.

दिवे लागल्यावर आम्ही निघालो. पुढे गुरुजी, मागे माई, मी, आमचे हे, अहिरराव नवरा-बायको, आणि ओरडून गप्प केलेली पोरं. प्रत्येकाच्या हातात रुमाल टाकलेलं ताट. चेहरे असे, की बघणाऱ्याला वाटावं स्मशानातून आलो. गुरुजींनी कडी वाजवली.

रणपिश्यांनी दार उघडलं. अंगात सकाळचा सूट, गळ्यात टाय. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि चरकून म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. "तुम्हाला फराळ आणलाय. तुमच्याकडे वर्ष व्हायचंय ना, कढई चढायची नाही, म्हणून."

"माझ्याकडे?" रणपिसे म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.

आत टेबल मांडलेलं होतं. पांढरी चादर, रूथबाईंनी विणलेले जाळीचे रुमाल, आणि रुमालांखाली करंज्यांचा ढीग. एकेक करंजी मापात बसवल्यासारखी सारखी. शंकरपाळे, चकल्या. दोन केक. सरबताचा जग भरलेला, शेजारी काचेचं माप. कशालाही कुणाचा हात लागलेला नाही.

"चार वाजता उठून तळल्या," रणपिसे म्हणाले. "कालपासून सारण करून ठेवलं होतं. रूथ घालायची तेवढीच खसखस घातलीय. दहा वाजल्यापासून बसलो होतो."

मग अहिररावांच्या बायकोने हळूच विचारलं, "मग काका, चांदणी का नाही लावली?"

"स्टुलावर चढलं की मला गरगरतं. स्टूल ती धरायची."

हातातलं ताट कुठे ठेवावं कळेना. तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. टेबलाच्या बाजूला मोठी काळी ट्रंक उघडी पडलेली. आत रूथबाईंच्या साड्यांमध्ये एकेक गुंडाळून चिनीमातीची पाहुण्यांची ताटं रचलेली होती. आज सकाळी आमच्यासाठी काढलेली ताटं.

"हे काय, काका?"

"उद्या पुण्याला निघतो," ते म्हणाले. "मला वाटलं, इतकी वर्षं लोक तिच्याकडे यायचे. मी आपला मापं भरत तिच्या शेजारी उभा असायचो. ती नाही, तर माझ्याकडे कशाला कोण येईल? बरोबरच आहे ते. दुपारी सगळीकडून तळणाचा वास आला. म्हटलं, चाळीत कुणाकडे तरी कार्य असेल. मला सांगितलं नाही, एवढंच."

आणि एकदम गुरुजींचा भडका उडाला. "अहो, मग बाहेर येऊन बोलायला काय झालं होतं? तोंडात काय बोळा घातला होता?"

"काय बोलू? या म्हणू? तीस वर्षांत कधी म्हटलं?"

"मी शास्त्र बघितलं!"

"कुणाचं?"

गुरुजींनी खांद्यावरचं उपरणं काढून पुन्हा टाकलं. "माझं," ते म्हणाले.

मी सांगते, तो एक शब्द उच्चारताना गुरुजींचा चेहरा जसा झाला, तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. मग रागाच्या भरात त्यांनी टेबलावरची एक करंजी उचलली आणि हातवारे करत खायला लागले. "माणसाने विचारावं! माणसाने सांगावं! शेजारी कशाला असतात?" असं म्हणत म्हणत ती संपवली, दुसरी उचलली. माईंनी पाहिलं, मी पाहिलं, रणपिश्यांनीही पाहिलं. सोवळ्याचं नाव कुणी काढलं नाही.

पोरांना मात्र धीर धरवेना. एकाने केकला हात घातला आणि मग काय, गलकाच झाला. बारा-पंधरा माणसं आणि टेबलावर एक रिकामं ताट नाही. "काका, ताटं!" मी ओरडले. रणपिसे ट्रंकेपाशी गुडघ्यावर बसले आणि साड्या उलगडून एकेक ताट बाहेर काढायला लागले. निळ्या साडीतून दोन, हिरव्या काठाच्या साडीतून चार. मी पुसत होते, माई वाढत होत्या. त्यांच्या करंज्या आणि आमच्या करंज्या एकाच ताटात पडल्या. आमच्या वेड्यावाकड्या आणि त्यांच्या सगळ्या एका मापाच्या, त्यामुळे कुणाच्या कुठल्या ते आंधळ्यालाही कळलं असतं. अहिररावांनी ट्रकवर चढायची सवय कामाला लावली, स्टुलाशिवाय दारावर चांदणी चढवली. आमच्या ह्यांनी रेडिओ आणला. रणपिश्यांनी सरबताचं माप हातात घेतलं, मी जग धरला, पण आज ते मापाकडे बघतच नव्हते. कुणाला तीन औंस गेले, कुणाला चार.

आठच्या सुमाराला पांगापांग झाली. पोरं झोपायला गेली. आम्ही बायकांनी ताटं धुऊन पुसून टेबलावर रचली. रणपिसे ट्रंकेकडे वळले, तर ट्रंकेचं झाकण लावून दीक्षित गुरुजी तिच्यावर मांडी घालून बसलेले.

"उठा, दीक्षित. ताटं भरायचीयत."

"फळीवर ठेवा."

"सकाळी सातची गाडी आहे."

"मला काय सांगता? माझे गुडघे धरलेत. मला आता उठवत नाही."

"किती वेळ?"

"गुडघ्यांना विचारा."

रणपिसे हातात ताट घेऊन उभेच राहिले. माई दाराशी घुटमळल्या. मग गुरुजी थोडे बाजूला सरकले, ट्रंकेवर हाताने जागा झाडली, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी रणपिश्यांना नावाने हाक मारून अरे-तुरे केलं.

"शांतवन, बस इथं."

रणपिसे बसले. दोन म्हातारे त्या ट्रंकेवर खांद्याला खांदा लावून.

"सामूला काय कळवू?" रणपिश्यांनी विचारलं.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं, आणि आम्ही ऐकतोय ह्याची पर्वा सोडून दिली.

"कळव की इथं शेजारी एक म्हातारा आहे," ते म्हणाले. "त्याला तुझ्यावाचून करमत नाही."

रणपिश्यांनी हातातलं ताट माझ्याकडे दिलं. सकाळपासून आवळलेला टाय सोडला, उठून त्याची नीट घडी केली, आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवला.